सुमीचे उरलेले सतरा मैल

आधीच सांगून टाकते, मी शाळामास्तरीण. वर्गात कुणी भुताखेताचं नाव काढलं की त्याला बाकावर उभं करणारी. अंगात येणं, करणी, बाहेरची बाधा… असलं काही कानावर आलं की माझं डोकंच उठायचं. तेव्हा खाली लिहिलंय ते वाचून 'म्हातारीला भ्रम झाला' असं कुणाला वाटलं, तर मला रागावायचा हक्क नाही. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही तेच म्हणाले असते.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. देऊळघाटला मी शाळेत होते आणि आमच्या ह्यांचा गावाला लागूनच भाजीपाल्याचा मळा होता. वांगी, मिरच्या, कांदे. विहिरीवर तेलाचं इंजन. मुलगी एकच, सुमी. सहा वर्षांची असताना तापात तिचा डावा पाय लुळा पडला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "हिला रोज पाण्यात पोहू द्या. पाण्यात पायावर भार येत नाही." सांगायला काय जातं! नदीला पाणी चार महिने, आणि विहिरीत त्या लेकराला सोडायचं म्हणजे काठावर माझाच जीव जायचा.

तोड काढली ती ह्यांनीच. एकदा पाटाच्या काठी उकिडवे बसले होते. मला हाक मारून म्हणाले, "थे मासोळी पाह्य. धारेच्या तोंडी पोहून राह्यली, पन जागची हालत नाई."

"मग?"

"मंग काय! हौद बांधतो, मास्तरीनबाई."

आणि बांधला. दोन खाटा एकापुढे एक लावल्या एवढा लांब, एक खाट रुंद, माझ्या कमरेइतका खोल. एका टोकाला इंजनाच्या पाइपाचं तोंड, दुसऱ्या टोकाला भोक; तिथून पाणी पाटानं वांग्यांत जायचं. पोहायला शिकवताना बांधतात तो वाळका भोपळा सुमीच्या पाठीवर बांधायचा आणि समोरून धार सोडायची. ती हात मारायची, चांगला पाय झाडायची, आणि तिथल्या तिथे पोहत राहायची. गाव लोटलं बघायला. "अरे बाप्पा, हे पोट्टी त कुठीच जाऊन नाई राह्यली!" म्हणून लोक हसले.

निगा राखायचं काम माझ्याकडे आलं. हौस बापाची आणि शेवाळ आईचं! दर रविवारी हौद रिकामा करून काथ्यानं घासायचा, आतून चुना द्यायचा, बेडकं उचलून बाहेर टाकायची, नव्या पाण्यात तुरटी फिरवायची. पाइपाच्या तोंडाला ह्यांच्या जुन्या धोतराचा तुकडा बांधायचा, नाहीतर गोगलगायी यायच्या. तोंडानं मी करवादत असायची, पण हौदाची एक फटही माझ्या नजरेतून सुटत नव्हती.

पुढची गंमत ह्यांचीच. तिथल्या तिथे पोहून पोरगी कंटाळली, तेव्हा हे कंडक्टर झाले. रोज एक मैल. पितळी बादलीवर दोन टोले पडले की गाडी सुटली, एक टोला पडला की थांबली. "चला बुलढाना, बुलढाना!" मग राजूर घाट, मोताळा, नांदुरा… गाडी कुठे चालली होती? जळगाव जामोदला, आजीकडे. ह्यांनी खऱ्या कंडक्टरला विचारून मैल घेतले होते, आणि प्रत्येक मैलाची रेघ हौदाच्या भिंतीवर कोळशानं ओढलेली होती.

जळगाव म्हणजे माझं माहेर. पाय गेल्यापासून मी सुमीला तिकडे एकदाही नेलं नव्हतं. गाडीत तिचे हाल होतील, असं सगळ्यांना सांगायची. खरं कारण आज लिहिते. आमच्या गल्लीत दारोदारी बाया बसलेल्या असत. मास्तरीण होऊन ताठ मानेनं गेलेली मी, त्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून पाय ओढणारी पोर घेऊन जायची मला लाज वाटत होती. हो, लाज. पोटच्या पोरीची. माहेरी पत्रात 'सुमीची तब्येत नाजूक असते' एवढंच लिहायची.

सुमी एकदा हौदातूनच म्हणाली, "आई, जळगाव आलं की खरंच नेशीन मले आजीकडे?"

मी चुना कालवत होते. म्हटलं, "आधी पोहून पोच, मग नेते."

थंडी सुरू झाली तसा मी हौद बंद केला. सुमीची गाडी नांदुऱ्याला थांबली. सतरा मैल राहिले होते. माघात तिला न्यूमोनिया झाला आणि पाचव्या दिवशी ती गेली. नऊ वर्षांची होती. पोहणं दोन महिने बंद होतं, त्याचा आणि ह्याचा संबंध नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तरी गावात बाया हौदाकडे बोट दाखवायच्याच. मलाही तो डोळ्यांसमोर नको झाला. तेरावं उरकल्यावर मी ह्यांना म्हणाले, "फोडून टाका तो हौद."

हे म्हणाले, "सतरा मैल राह्यले तिचे. तेवढं होऊ दे. मंग मीच घन घालतो."

मी संतापले. नाही नाही ते बोलले. पण वांगी वाळत होती, इंजन चालवावंच लागणार होतं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी सुमीचा भोपळा खुंटीवरून काढला, हौदात सोडला आणि बादलीवर दोन टोले दिले. मी तिकडे पाठ करून बसले.

"इकडे पाह्य जरा," हे म्हणाले.

भोपळा हौदाच्या मधोमध होता. समोरून तीन इंची पाइपाची धार, मागं मोकळं भोक, आणि भोपळा जागेवर… वीतभर पुढे जायचा, वीतभर मागे यायचा. सुमीच्या पाठीवर हलायचा, अगदी तसा.

मी म्हटलं, "भोवरा असेल पाण्यात." घरातून दुसरा भोपळा आणला, सोडला. तो सरळ भोकाशी जाऊन आदळला. काडी सोडली, नारळ सोडला, सगळं भोकाशी. शेवटी लुगडं खोचून स्वतः उतरले, खाली दगड-बिगड आहे का ते पायांनी चाचपलं. काहीच नव्हतं. भोपळ्याच्या मागे उभी राहिले, तर मांड्यांना धार लागतच नव्हती. पुढे कुणीतरी ती अंगावर घेत असल्यासारखी. मी बाहेर आले आणि लुगडं पिळत बसले.

रोज तेच. शाळा सकाळची झाली होती, म्हणून दुपारी मी हजर असायची. ह्यांनी एक टोला दिला, इंजन थांबलं, की भोपळा साध्या भोपळ्यासारखा कडेला लागायचा आणि भिंतीवर एक रेघ वाढायची. वाटेत पूर्णा नदी लागते, त्या दिवशी ह्यांनी इंजन हळू ठेवलं. "आज पान्याले जोर असन," म्हणाले. भोपळा खूप थरथरला त्या दिवशी. माझ्या तोंडून निघून गेलं, "हळू, सुमे… दमाने." पोरगी गेल्यापासून मी तिचं नाव पहिल्यांदा घेतलं होतं. मग आम्ही दोघंही हौदाच्या काठावर बसून मनसोक्त रडलो.

सतरावा दिवस मंगळवार होता. दुपारी बादली मी मागून घेतली. सुमी होती तेव्हा एकदाही मी तिच्या खेळात गेले नव्हते, शेवाळ घासण्यातून सवड कुणाला होती! बराच वेळ भोपळा धारेत राहिला. मग मी एक टोला दिला आणि ओरडले, "जळगाव आलं, जळगाव! उतरा!" इंजन चालूच होतं. तरी भोपळा हलका झाला, धारेबरोबर निघाला आणि भोकाशी जाऊन लागला. आम्ही पुन्हा मधोमध ठेवून पाहिला. राहिला नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी भोपळा पिशवीत घातला आणि गाडी धरली. पत्र टाकलं नव्हतं. सतरा मैलांचं तर जिवंत माणसाला सांगितलं नव्हतं.

गल्लीत शिरले तेव्हा बाया दारोदारी बसलेल्याच होत्या. माझी आई ओट्यावर होती. म्हातारपणामुळे दिवसांना तिला येता आलं नव्हतं, भाऊ एकटाच येऊन गेला होता. मला पाहताच ती आत गेली आणि भाकरतुकडा, पाणी घेऊन आली. माहेरी आलेल्या लेकीवरून ओवाळून टाकायची आमची रीतच आहे. एक तुकडा तिनं माझ्यावरून ओवाळला आणि फेकला. मग माझ्या डाव्या अंगाला, खालच्या बाजूला, दुसरा ओवाळला.

मी विचारलं, "माय… दोन काऊन व?"

"एक तुह्या, एक तिचा. मंगळवारीच आली ना थे, दुपारी. वली चिंब, पाय वढत. म्या म्हनलं, बस माय ओट्यावर. तुही आई आल्याबिगर भाकरतुकडा कसा टाकू?"

पायाचं भावानं सांगितलं असेल, हौदाचंही सांगितलं असेल. पोर गेल्याच्या दुःखानं म्हातारीला भास झाला असेल. भोपळ्याचंही काही शास्त्र निघेल, कुणा वाचकाला ठाऊक असेल तर जरूर कळवा. पण मंगळवार तिला कुणी सांगितला? हौद आम्ही फोडला नाही. हे होते तोवर रविवारी मी तो घासत राहिले.

आई म्हणाली, "हात धर तिचा. पायरी उंच हाये."

सगळी गल्ली बघत होती. मी डावा हात खाली केला. हाताला काही लागलं का, असं विचाराल… नाही लागलं. तरी ती पायरी मी हळूहळू चढले, सुमीच्या चालीनं.