तळ्यात कोणी जात नाही

सुरतेत माझी पहिली नोकरी पक्ष्यांच्या तळ्याची होती. गावाकडे हे सांगितलं की लोक हसायचे. अमरोलीच्या पुढे, कोसाडच्या वाटेवर मी ज्या खोलीत राहायचो, तिथले यंत्रमागावर काम करणारे खानदेशातले लूमवाले तर रोज विचारायचे, "तुले पक्षी मोजाना पगार भेटस का रे?" मी हो म्हटलं की एक जण हमखास म्हणायचा, "मंग आमले कोन मोजी?"

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या साथीनंतरचे ते हिवाळे. ओलपाडच्या बाजूला, खाऱ्या जमिनीच्या अलीकडे पाटबंधाऱ्याचं एक जुनं तळं आहे. थंडीत तिथे लालसरी, चांदवे, जांभळ्या पाणकोंबड्या थव्याने असत. ते तळं पक्ष्यांसाठी राखून ठेवायचं ठरत होतं. पुढच्या दहा वर्षांत तिथे काय करायचं, काय करू द्यायचं नाही, शाळेच्या सहली कोणत्या बाजूने न्यायच्या, पक्षी बघायचा मनोरा कुठे बांधायचा, याचा आराखडा एका छोट्या संस्थेकडे आला होता. संस्था चालवणारे सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी माझी बी.एस्सी.ची गुणपत्रिका बघितलीच नाही. खिडकीबाहेरच्या झाडाचं नाव विचारलं आणि म्हणाले, "सोमवारपासून ये." नवापूरकडच्या ज्या गावातून मी आलो, तिथे माझ्या घरात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. सरांनी ज्या विश्वासाने मला फॉर्मचा गठ्ठा दिला, त्या विश्वासाला मी जागायचं ठरवलं होतं.

फॉर्ममध्ये एक रकाना होता: तळ्याच्या आतल्या भागाचा सध्याचा वापर. मी आणि ड्रायव्हर भाड्याच्या हिरव्या जीपने काठावरच्या तिन्ही वस्त्यांत गेलो. घरोघरी विचारलं. सगळीकडे एकच उत्तर मिळालं. "अंदर कोई नथी जतुं, साहेब." पुरुष म्हणाले, बायका म्हणाल्या, शाळेतल्या पोरांनीही सांगितलं. मी सुवाच्य अक्षरात प्रत्येक फॉर्मवर लिहिलं: वापर नाही. इतकी एकसारखी माहिती हाती आली म्हणून मला आनंदच झाला होता.

त्या माहितीवर नकाशा झाला. मधलं पाणकणसाचं, पाण्यात उभ्या उंच गवताचं, सगळं रान लाल रंगात, म्हणजे माणसाला कायम बंद. बांधावर हिरवी वाट, शाळेच्या मुलांसाठी. मला स्वतःला लहानपणी कुणी दुर्बिणीतून पक्षी दाखवला असता तर काय वाटलं असतं, याचा विचार करत मी ती वाट दोनदा रंगवली.

आराखडा पाठवण्याआधी तो गावात वाचून दाखवायचा, ही सरांची पद्धत होती. शाळेच्या ओसरीवर नकाशा टांगला. पुरुष पुढे बसले, बायका मागे, खांबापाशी. मी लाल भागाबद्दल सांगत होतो: इथे कोणी जात नसल्यामुळे बंदीने कुणाचं नुकसान होणार नाही. तेव्हा मागून कुणीतरी खुदकन हसलं.

ज्यांना सगळी वस्ती मासी, म्हणजे मावशी, म्हणायची त्या उभ्या राहिल्या. साठीच्या असतील. तळहात चिरा पडून काळे झालेले. त्यांनी विचारलं, "मग आम्ही कापायचं कुठे?"

"काय कापायचं, मासी?"

"पाणकणीस. चटया-सादड्या कशाच्या विणतो आम्ही? तुझ्या कागदाच्या?"

मी म्हटलं, "पण तुम्हीच सांगितलं होतं, आत कोणी जात नाही. तुमच्या घरचा फॉर्म आहे माझ्याकडे."

"तुला कुठे सांगितलं? तुझ्या जीपला सांगितलं." बायका मोठ्याने हसल्या. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने मान खाली घातली. मासी म्हणाल्या, "जंगलवाल्यांची हिरवी जीप आली की दंड होतो, हे आमच्या शेळ्यांनाही माहीत आहे."

मला त्या क्षणी माझी आई आठवली. जंगल राखणाऱ्या गार्डची सायकल वळणावर दिसली की ती मोळीवर गोधडी टाकायची आणि आम्हाला सांगायची, विचारलं तर म्हणा, लाकूड बाजारातून आणलं. मी म्हटलेलं आहे तसं, सहा-सात वर्षांचा असताना, गार्डच्या तोंडाकडे बघून. हे सगळं ज्याला ठाऊक, तो मी जीपमधून उतरलो होतो आणि मिळालेलं उत्तर शाईने लिहून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी एस.टी.ने एकटाच गेलो. मासींनी मला पाण्यात उतरवलं. कमरेपर्यंत गार पाणी, खाली चिखल. त्या पुढे, मी मागे. पाणकणीस कापून मोकळ्या झालेल्या पट्ट्यांत बदकं बसली होती. मासींना बघून ती उडाली नाहीत, मला बघून उडाली. "हळू रे पोयरा, म्हशीसारखा काय चालतोस!" मग त्यांनी मला तळ्याचं पाणी सोडायच्या मोरीच्या टोकाकडे नेलं. दोन वस्त्यांच्या भांडणामुळे तिथे चार वर्षं विळा लागला नव्हता. भिंतीसारखं दाट रान उभं होतं. खाली पाणी दिसत नव्हतं आणि पक्षी एकही नव्हता. माझ्या लाल रंगाने दहा वर्षांत सगळं तळं तसंच झालं असतं.

"आणि अंडी?" मी विचारलं.

"अंडी पावसात. आम्ही दिवाळीनंतर शिरतो, होळीला विळे धुऊन ठेवतो. घरट्यात बसलेल्या बाईला कोण उठवतं?"

मी जाऊन सरांना सगळं सांगितलं. आराखडा पाठवायला आठवडा राहिला होता आणि त्याचा मुख्य तक्ताच खोटा होता. सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "फॉर्म फाडू नकोस. असं उत्तर का मिळालं तेही लिही. पट्टे पाडून कापणी लिही, होळीपर्यंतची. पण एक अडचण आहे. कापणाऱ्यांची नावं जोडावी लागतील. नावाशिवाय हक्क कुणी मानणार नाही."

नावं मागायला मी मासींच्या अंगणात गेलो. बायका पाती वाळत घालत होत्या. कागद बघताच हात थांबले.

"हा कागद उद्या दंड करणाऱ्याच्या हातात पडला तर?" मासींनी विचारलं.

पडणार नाही, असं म्हणावंसं फार वाटलं. "पडू शकतो, मासी," मी म्हटलं. "पण नावं नसली तर लाल रंग राहील, हे नक्की."

"खरं बोलतो, म्हणजे नोकरीत नवा आहे," एक जण म्हणाली. कुणी हसलं नाही.

मासींनी कागद हातात घेऊन उलटासुलटा बघितला. त्यांना वाचता येत नव्हतं. "यात तुझं नाव कुठे?"

"माझं नसतं. सरांचं असतं, पहिल्या पानावर."

"मग आम्हीच काय म्हणून? आधी तुझं लिही."

मी लिहिलं. नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका. मग मासींनी स्वतःचं नाव सांगितलं आणि थांबल्या. पुढे नवऱ्याचं नाव लागतं, आणि ते त्या तोंडाने घेत नव्हत्या. शेजारणीने सांगितलं. शेजारणीचं नाव आलं तेव्हा तिच्या नवऱ्याचं मासींनी सांगितलं. अशी ती यादी झाली, प्रत्येकीचं अर्धं नाव तिचं तिने सांगितलेलं आणि अर्धं दुसरीने. एकीच्या नवऱ्याच्या नावावर इतर दोघींचं एकमत होईना, तर तिने घरात जाऊन त्यालाच बाहेर आणलं. "सांगा तुमचं नाव साहेबांना, आमची जीभ अडते." तेव्हा कुठे सगळ्या हसल्या.

आराखडा मंजूर व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. मनोरा झाला नाही. सहलीची वाट झाली, ती अर्धीच. कापणीचा परिच्छेद मात्र तसाच राहिला, मागच्या यादीसकट.

त्या दिवाळीनंतर बांधावर नवा चौकीदार बसला होता. त्याने विळे बघून बायकांना अडवलं. मी त्या वेळी शाळेच्या मुलांना घेऊन पलीकडच्या टोकाला होतो, त्यामुळे हे मला नंतर कळलं. मी दिलेली यादीची प्रत मासींनी घरून मागवली. प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेली होती. चौकीदाराने एकेक नाव वाचलं आणि एकेक बाई पाण्यात उतरली. शेवटी तो म्हणाला, "हे सगळ्यात वरचं नाव पुरुषाचं आहे. हा कोण? हा नाही आला?"

मासी पाण्यातूनच म्हणाल्या, "त्याला कापता येत नाही. राहू दे त्याचं नाव."