पोट भरलेला वेल

समोरच्या शेजाऱ्याने फूल उलटं करायचं, पाकळ्यांच्या मागे अंगठ्याने चाचपायचं आणि म्हणायचं, "नर शे," म्हणजे नर आहे. मग ते फूल खुडून जिन्यावर भिरकावून द्यायचं. गोडादऱ्याच्या आमच्या इमारतीत माझी सकाळ अशी उजाडायची. जिन्यातली ती पिवळी फुलं दुपारपर्यंत कुजून चिकट व्हायची, आणि त्यांवरून घसरण्याचा मान बहुतेक वेळा मलाच मिळायचा.

मला किळस फार लवकर येते, हे आधीच कबूल करतो. सुरतेत हा स्वभाव परवडत नाही. वाळत घातलेल्या सदऱ्यावर इथे काजळी बसते, खाडीच्या पुलावरून श्वास धरून चालावं लागतं. त्यात समोरच्या खोलीत हा फुलं चाचपणारा खानदेशी दादा. पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये कापड रंगवायचा. नखं कधी जांभळी, कधी पोपटी. त्याच हाताने तो पाण्याचा पेला पुढे करायचा आणि मी "आत्ताच प्यालो" म्हणायचो. असा एक शेजारी तुम्हालाही असेल. माणूस चांगला असतो, पण जवळ बसवत नाही.

गच्चीवर, बरोबर माझ्या खिडकीच्या डोक्यावर, त्याने गिलक्याचा वेल लावला होता. तुमच्याकडे त्याला घोसाळं म्हणत असतील. बी त्याच्या आईचं. आई गेली तेव्हा गावाहून त्याने काय आणलं, तर तिच्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेल्या पाच बिया. भावाने परसात पत्र्याच्या खोल्या बांधल्या, वेलाचा मांडव गेला, आणि गावात ते बी दुसऱ्या कुणाकडे उरलं नाही. ती चिंधी त्याने मोठ्या प्रेमाने माझ्या नाकाशी धरली होती. मशेरीचा वास आला आणि मी दोन पावलं मागे सरलो.

"मायनं गिलकं कवळं ऱ्हास, सर. बजारनं म्हणजे नुसता दोर," तो सांगायचा.

चार बिया आधीच वाया गेल्या होत्या. तीन कुजल्या, एक उंदराने खाल्ली. हा वेल पाचव्या बीचा. याला फळ धरलं आणि ते वेलावरच वाळलं, तर पुढचं बी मिळणार. नाहीतर आईचं गिलकं संपलं. आणि वेलाला यायची ती नुसती नरफुलं.

मी मराठी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून त्याने मला विचारलं. पुंकेसर, स्त्रीकेसर, सगळं मी तक्त्यावर पट्टी ठेवून शिकवतो. खरं फूल वर्गात कधी नेलं नाही. हात चिकट होतात.

"सर, पुस्तकमा काय लिखेल शे?"

मला शाळेत जायची घाई होती. म्हणालो, "खत कमी पडत असेल, दादा. भरपूर खत घाला."

झालं! त्याने मनावर घेतलं. मासळीचं धुवण, गोमूत्र, नासलेलं ताक, गूळ, सगळं एका निळ्या पिंपात कुजत घातलं. आठ दिवसांत जो वास सुटला त्याला मराठीत शब्द नाही. झाकण उघडलं की पांढऱ्या अळ्या वळवळायच्या, आणि हा काठीने ढवळत कौतुकाने म्हणायचा, "जीव शे त्यामा." मी भरल्या ताटावरून उठू लागलो. वेल मात्र माजला. पानं परातीएवढी झाली. फुलं ढिगाने आली आणि सगळी नर. भादव्याच्या उन्हात तीही धड नव्हती. पाकळ्या आखडलेल्या आणि पराग भुशासारखा कोरडा.

शेवटी वेल आणि पिंप गच्चीवरून हटवा, असा मी घरमालकाला अर्ज दिला. मजकूर माझा, अक्षर माझं, पहिली सही माझी. खाली आणखी चौघांनी सह्या केल्या. मालकाने "जोईशुं", म्हणजे बघू, म्हणून कागद खिशात घातला आणि विसरला.

दिवाळीआधी मिलमध्ये कामाचा रेटा आला. महिनाभर त्याला गच्चीकडे फिरकायलाही वेळ मिळाला नाही. पिंप आटलं. ऊन उतरलं, दिवस लहान झाले, वेल रोडावला. आणि कार्तिकात एका सकाळी तो मला दंडाला धरून वर घेऊन गेला. माझ्या धुतल्या सदऱ्यावर जांभळी बोटं उमटली. वर एक टपोरं, तळहाताएवढं फूल होतं. त्याच्या मागे करंगळीएवढं गिलकं.

"पोट भरेल व्हतं त्यानं, सर," तो म्हणाला. "पोट भरेल येलले लेकरंनी काय घाई?"

मी घरी येऊन पुस्तकं उघडली. खरंच होतं. ऊन, लांब दिवस आणि खताचा मारा झाला की असा वेल नरफुलं काढत बसतो. गारवा आला, पोटाला चिमटा बसला, की मादीफुलं धरतो. माझा सल्ला साफ चुकीचा होता. हे मी त्याला सांगितलं नाही.

त्या काजळीत मधमाशी कुठली यायला? त्याने एक नरफूल घेतलं, पाकळ्या सोलल्या आणि आतला पराग मादीफुलात हलकेच टेकवला. फळ धरलं. त्याला त्याने कापडाची लाल किनार बांधली. "हाई खावानं नही. बीनं शे." आता खत नकोच, म्हणून पिंपही घासून उपडं घातलं. वास गेला.

वास गेला हे मला कळलं होतं. दोन मजले उतरून मालकाला "तो अर्ज फाडा" एवढंच सांगायचं होतं. सांगितलं नाही. दोन महिन्यांचा राग अंगात होता, आणि खरं सांगायचं तर त्याची थोडी खोड मोडावी असंही वाटत होतं.

एका रविवारी गच्ची धुवायला माणसं आली तेव्हा मालकाला अर्ज आठवला. त्यांनी वेल बुडापासून कापून गल्लीत फेकला. "मास्तर, तमारुं काम थई गयुं," मालक मला म्हणाला.

तो संध्याकाळी मिलमधून आला. ढिगाऱ्यातून लाल किनारीचं फळ शोधून जिन्यात बसला आणि त्याने ते चिरलं. बिया पांढऱ्या होत्या. एक नखाने दाबली तर फुटली.

"दूध शे अजून," तो म्हणाला.

मी दारात उभा होतो. "दादा, तो अर्ज..."

"मी वाचा तो. मालकनी दखाडा." मग जरा थांबून, अगदी साध्या आवाजात, "वास तं येतच व्हता, सर."

टोमणा असता तर मी झेलला असता.

तासाभराने दार वाजलं. त्याच्या हातात ताटली, ताटलीत भजी. बी धरायला ते फळ कोवळं होतं, खायला मात्र नेमकं.

"मायनं शे. गरम शे तंवर खाई ल्या."

खाल्ली. एकही उरवलं नाही. इतकं मऊ गिलकं मी जन्मात खाल्लं नव्हतं. त्या दिवसाइतकी किळस मला कधीच आली नाही, आणि ती कुणा दुसऱ्याची नव्हती.

आपल्यात शेजाऱ्याची ताटली रिकामी परत देत नाहीत. काय घालावं, साखर की घरचा लाडू, याचा विचार करण्यात माझे दिवस गेले, आणि पौषात तो हजीऱ्याला एका ठेकेदाराकडे निघून गेला. ताटली अजून माझ्या फडताळात आहे. तिच्यात काय घालून परत द्यावं, ते मला अजून सुचलेलं नाही.