ओट्याचा परवाना

जुनी स्वयंपाकघरं आणि न्हाणीघरं नवी करून देणं हा माझा धंदा. इतकी वर्षं टाइल्स बसवल्या, कुणी कागद विचारला नाही. मग करडी गावचे एक गुरुजी म्हणाले, परवाना नसलेल्या माणसाला घरात घेणार नाही. मी चिडून नगरपंचायतीत अर्ज टाकला. कामाच्या तपशिलात लिहिलं: ओटे बांधणे, टाइल्स बसवणे, नळजोडणी.

तिथल्या बाबूंनी पहिल्याच शब्दावर बोट ठेवलं. त्याच आठवड्यात नगरपंचायतीनं घरांपुढचे, रस्त्यावर आलेले ओटे तोडायला जेसीबी लावला होता.

"आम्ही ओटे तोडून राहिलो, अन् तुम्ही बांधाचा परवाना मांगता?"

"साहेब, हा गॅस ठेवाचा ओटा आहे. बसाचा नाही."

"कागदावर ओटा म्हणजे ओटा. रस्त्यापासून किती फूट, ते लिहा."

माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं, 'मधे दोन खोल्या आणि बहुतेक घरांत एक सासू.'

बाबूंनी न वाचताच शिक्का मारला. आठ दिवसांनी परवाना आला. खाली एकच अट होती: बांधलेल्या ओट्यामुळे रहदारीस अडथळा होऊ नये.

मी तणतणत घरी आलो आणि स्वयंपाकघरात आमच्याच ओट्याला टेकून ती अट बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली. ती भाताचा गरम गंज फडक्यात धरून माझ्यासमोर उभी होती.

"बरोबरच लिवलं," ती म्हणाली. "सरका आता. रहदारीले अडथळा होऊन राहिला."