काकांचा प्रागचा गायकवृंद

जगात माणसं खूप असतील, पण प्रागच्या एका गायकवृंदाचा इतिहास न विचारता मराठीतून सांगणारा माणूस ऑटावाच्या कडेला असलेल्या आमच्या अख्ख्या कनाटात एकच, आणि तो नेमका आमचा शेजारी. बाबांचे नागपूरचे मित्र. मी त्यांना काका म्हणते. टेलिकॉमच्या प्रोजेक्टवर ते तीन वर्षं प्रागला होते. तिथून अनुभव किती आणला ठाऊक नाही, हा वृंद मात्र आणला. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करतानाही त्यांचं सुरू असतं: रेडिओसाठी तो कसा स्थापन झाला, मोठमोठे ऑर्केस्ट्रा आजही त्यालाच का बोलावतात. "आणि पगार भेटते बरं, पोरी! गाण्याची नोकरी, पेन्शनसकट! ऐकून राहिली ना?" मी मान हलवते. दिवसभर मीटिंगांमध्ये तेच करून आलेली असते. त्यात आणखी थोडी.

एका आंबेडकर जयंतीला काकांनी इथल्या आमच्या असोसिएशनच्या लोकांना चार आवाजांत विभागून बुद्धवंदनेतलं त्रिशरण बसवलं. बायकांचं तिसऱ्या वेळचं 'ततियम्पि' संपलं तेव्हा खालच्या आवाजातले पुरुष दुसऱ्या वेळच्या 'दुतियम्पि'तच होते. काकू मागून म्हणाल्या, "अहो, लोकांना जेवू द्या!"

"तिकडे एका अक्षरावर तासभर घासतात," काका म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावलं.

या हिवाळ्यात तोच वृंद ऑटावाला आला. बर्फात गाडी चालवणं काकांनी सोडलंय. काकूंनी साफ सांगितलं, "मला जन्माला पुरेल इतकं ऐकून झालंय." म्हणून रविवारी दुपारी, आठवड्यातली एकुलती एक झोप सोडून, मी त्यांना घेऊन निघाले. वाटेत इतिहास नाही. काका नुसते हातमोजे काढत-घालत होते. "यांचं गाणं पुन्हा एकदा ऐकायचं होतं," एवढंच म्हणाले.

हॉलमध्ये बसल्यावर त्यांनी दोन्ही कानांतली यंत्रं काढून खिशात ठेवली. "यातून गाणं पत्र्यासारखं वाजते." दिवे मंदावले. वरच्या आवाजातल्या बायकांनी एकट्यांनीच, अगदी हळू सुरुवात केली. काका समोर बघत वाट पाहत राहिले. मग माझ्याकडे झुकले. "सुरू झालं का?"

मी हॉलमध्ये खोकतसुद्धा नाही. पण त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "हो काका. बायका गातायत. पुरुष अजून थांबलेत." पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. काकांना कळलं नव्हतं. मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.

त्यांनी डोळे मिटले. "बरोबर," ते म्हणाले, "तिथं थांबावंच लागते त्यांना."