बिननावाचा कागद

विद्यापीठांनी यापुढे थोडाफार खर्च आपला आपण उभा करावा, असं सरकारनं परिपत्रक काढून कळवलं. देशाची दारं उघडली, बाहेरचं वारं आत आलं, असं आम्ही वर्तमानपत्रात रोज वाचत होतो. आमच्या कचेरीत त्या वाऱ्यानं आणलेली पहिली वस्तू म्हणजे हे परिपत्रक. दुसरी म्हणजे 'देणगीदार संपर्क कक्ष': एक टेबल, एक फोन आणि फोन उचलायला एक टेंपररी टायपिस्ट. तिसरी वस्तू म्हणजे तीन दिवसांचं प्रशिक्षण.

टायपिस्ट आपल्यातलीच, म्हणजे मराठी. वडील बीदरकडचे, शेती भावांवर सोपवून त्यांनी हैदराबादेत नल्लकुंट्यात किराणा दुकान टाकलं होतं. माझं घर त्याच गल्लीत, म्हणून ती मला काका म्हणायची. तेलुगू फर्डं बोलायची, इंग्रजी बिनचूक टाइप करायची, पण शिक्षण नारायणगुड्यातल्या मराठी शाळेतलं, त्यामुळे मनातलं लिहायचं तर मराठीतच. सहा वर्षं ती टेंपररी होती. एकोणनव्वद दिवसांची ऑर्डर, एक दिवस घरी, पुन्हा एकोणनव्वद. नव्वद भरले की माणूस हक्क मागतो, अशी प्रशासनाची समजूत.

मी आस्थापना विभागाचा सुपरिंटेंडेंट. तिला कायम करण्याची फाइल मीच लिहून वर पाठवली होती आणि ती रजिस्ट्रार साहेबांच्या टेबलावर पडून होती. महिनाअखेरपर्यंत सही झाली तर झाली. एक तारखेपासून सगळी रिकामी पदं गोठवली जाणार होती. आमचे साहेब कुठलीच फाइल नाकारत नसत. हिरव्या शाईत 'चर्चा करावी' एवढंच लिहीत. ती चर्चा कधी होत नसे. त्या दोन शब्दांखाली गाडलेल्या फायलींनी माझी दोन कपाटं भरली होती.

प्रशिक्षण एका हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये होतं. प्रत्येकासमोर विकतच्या पाण्याची बाटली. पाणी विकत घेता येतं हे पटायला आम्हाला पहिला दिवस लागला. संध्याकाळी बऱ्याच बाटल्या पिशव्यांतून घरी गेल्या. शिकवायला दिल्लीहून एक टायवाले गृहस्थ आले होते. त्यांनी खुर्च्या गोलात मांडायला लावल्या, कारण गोलात कुणी वर नसतो, कुणी खाली नसतो. तेवढ्यात साहेबांचा शिपाई कचेरीतून साहेबांची खुर्ची घेऊन आला, पाठीवरच्या पांढऱ्या टॉवेलासकट. गोलाला टोक नसतं असं मी भूमितीत शिकलो होतो. साहेब बसले आणि गोलाला टोक आलं.

दोन दिवस आम्ही देणगीदाराशी हस्तांदोलन कसं करावं, त्याच्या डोळ्यांत किती वेळ बघावं, हे शिकलो. टायवाले पडद्यावर बाण दाखवत. सगळे बाण वर जाणारे. मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काका, हे पुरा दिवस देणारा माणूस कसा धरायचा तेच सांगायलेत. आलेल्याला बसा म्हणायचं कधी शिकवणार?" मी हसलो. तिला काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक होतं, कारण तो प्रसंग कचेरीत सगळ्यांनी पाहिला होता आणि कुणीच पाहिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी टायवाल्यांनी कोरे कागद वाटले. आपल्या संस्थेला देणग्या मिळत नाहीत, त्याचं खरं कारण लिहा. नाव लिहू नका. घरी ज्या भाषेत बोलता त्या भाषेत लिहा, म्हणजे खरं येईल. नंतर आपण सगळे कागद इथंच वाचू.

दिल्लीच्या माणसाला हे कल्पक वाटलं असणार. गोलात सत्तावीस माणसं होती. त्यांत मराठी दोघं.

मी इंग्रजीत 'प्रचाराचा अभाव' असं लिहून कागद घडी घालून डब्यात टाकला. तीस वर्षांच्या नोकरीत अंगी बाणलेलं लेखन. मान वळवून पाहिलं, तर ती लिहीतच होती. कागद संपल्यावर तिनं तो उलटा केला.

डबा उघडला. देणग्या न मिळण्याचं कारण निधीचा अभाव, असं तिघांनी लिहिलं होतं. एकानं उर्दूत एक शेर लिहिला होता. त्याला दाद मिळाली. बाकी कागदांत सहकार्य, समन्वय आणि सुविधा यांचीच उलटापालट. मग टायवाल्यांनी एक कागद उघडला, कपाळाला आठी घातली आणि ही कुठली भाषा, असं विचारलं.

साहेबांनी हात पुढे केला. कागद त्यांनी बराच वेळ पाहिला. ते हैदराबादच्या जुन्या घराण्यातले, शाळेत हिंदी शिकलेले. सगळं समजत नसलं तरी अक्षरं ओळखत होते. त्यांचा अंगठा एका ओळीवर थांबला, मग खालच्या ओळीवर. मग त्यांनी कागद माझ्याकडे धाडला आणि मऊ आवाजात म्हणाले, "सुपरिंटेंडेंट साब, आपकी जुबान है. क्या लिखे सो जरा सुनाओ."

गोल, ठसठशीत, शाळकरी अक्षर. लिहिलं होतं ते असं: 'एक म्हातारे डॉक्टर, कोठी भागात दवाखाना आहे, आपल्याच विद्यापीठात शिकलेले. बायकोच्या नावानं हॉस्टेलात वाचनखोली बांधून द्यायची म्हणून आले. रजिस्ट्रार साहेबांच्या दाराबाहेर तीन तास बाकावर बसले. आत साहेब एकटेच होते. दुसऱ्यांदा आले, पुन्हा बसवलं. मी पाणी नेऊन दिलं. तिसऱ्यांदा आले नाहीत. देणारा माणूस शोधायला तीन दिवस कशाला? तो बाकावर बसला होता.'

मी मनात हिशेब केला. गुळमुळीत भाषांतर करावं, तर साहेबांनी 'रजिस्ट्रार' आणि 'तीन' वाचलेलं होतं. कागद कुणाचा ते माहीत नाही म्हणावं, तर दोघांतून एक वजा केला की एकच उरतो. इंग्रजीतलं माझं अक्षर सगळी कचेरी ओळखत होती. मराठीतलं कुणीच पाहिलेलं नव्हतं. मी भाषांतर सुरू केलं. डॉक्टर, वाचनखोली, बाक, तीन तास. पाण्याचं वाक्य गाळलं.

"किसका है?" साहेबांनी विचारलं. टायवाले लगबगीनं म्हणाले की नाव विचारायचं नाही. साहेब त्यांच्याकडे न बघता म्हणाले की यूंही पूछा.

उजवीकडे एक खुर्ची फरशीवर घासल्याचा आवाज आला. मी वर न बघता म्हणालो, "मेरा है, साब."

खुर्चीचा आवाज थांबला. साहेबांनी टॉवेलवर डोकं टेकलं. "पानी का भी कुछ लिखे ना आप? नीचे की लाइन में."

"जी. मैंने पानी पिलाया उनको."

आमच्या कचेरीत सुपरिंटेंडेंट स्वतःचं पाणीसुद्धा उठून घेत नाही. हे साहेबांना माहीत होतं, मला माहीत होतं, शिपायालाही माहीत होतं. साहेब माझ्याकडे बघत राहिले. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत किती वेळ बघावं हे आम्ही आदल्याच दिवशी शिकलो होतो. त्यापेक्षा हे खूपच लांबलं.

सुटका केली ती टायवाल्यांनी. त्यांना वाटलं की आपलं प्रशिक्षण फळाला आलं. ते उठून टाळ्या वाजवू लागले, असा निर्भीडपणा आपण इतर कुठे पाहिला नाही म्हणाले. मग सगळ्यांनाच वाजवाव्या लागल्या. साहेबांनीही वाजवल्या, तीन. संध्याकाळी मला उत्कृष्ट प्रशिक्षणार्थी म्हणून काचेच्या चौकटीतलं प्रमाणपत्र मिळालं. ते साहेबांच्याच हस्ते.

पुढचे तीन दिवस मी जिन्यावरून खाली येणाऱ्या प्रत्येक फायलीकडे बघत होतो. महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी दोन कागद एकत्रच आले. तिची फाइल, तळाला हिरवी सही, 'चर्चा' नाही. आणि माझी बदली, परीक्षा विभागाच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या गोदामात. बदलीची ऑर्डर टाइप करायला तिच्याकडेच गेली. त्यात एकही चूक नव्हती.

मला फार वाईट वाटलं नाही. नोकरीची पाच वर्षं उरली होती, पुढचं प्रमोशन केव्हाच दुसऱ्याला मिळालं होतं. मी काही शौर्य केलं नव्हतं. माझ्याकडून काढून घेण्यासारखं साहेबांपाशी फारसं उरलं नव्हतं, एवढंच. ती मात्र येऊन काही बोलेल असं वाटत होतं.

ती आली सोमवारी, गोदामात, पेढ्यांचा पुडा घेऊन. वडिलांनी घरी जेवायला बोलावलंय म्हणाली. मी पेढा घेतला. ती उभीच राहिली.

"काका, मी उठत होते."

"ऐकलं मी."

"ऐकलं म्हणूनच बोललात ना?"

'ऑर्डर हातात पडली ना,' असं काहीतरी मी म्हणालो. तिनं पुडा नीट बांधला, दोऱ्याला दोन गाठी मारल्या.

"बाकीचं सगळं तुमचं म्हणून सांगितलं, ते ठीक आहे," ती म्हणाली. "पण पाणी मी दिलं होतं."

जाताना तिनं गोदामाचं दार हळूच लोटून घेतलं. ते प्रमाणपत्र तिला देऊन टाकावं असं मला तेव्हा सुचलं, आणि ते किती हास्यास्पद आहे हेही लगेच सुचलं. मी ते उत्तरपत्रिकांच्या एका गठ्ठ्यावर पालथं ठेवलं. रिटायर झालो तेव्हाही ते तिथंच होतं.