खोकल्याच्या बाटलीतली वाइन

वाइनच्या त्या दुकानात दाराजवळ एक फळी होती. दुकानातल्या माणसांना अलीकडे कुठली वाइन आवडली, ते त्या फळीवरून कळे. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात दोऱ्याने पुठ्ठ्याचं कार्ड बांधलेलं असे आणि कोणी निवडली, का आवडली, हे त्यावर हाताने लिहिलेलं असे. काकांची बाटली मांडली की चार दिवसही टिकत नसे; मागे राहिलेलं कार्ड मात्र फळीवरच टांगून ठेवत.

काका म्हणजे दुकानातले सगळ्यात जुने विक्रेते. पोट जरा पुढे, चष्मा कायम कपाळावर, आणि गिऱ्हाईक आत आलं की जावई दारात आल्यासारखी लगबग. त्यांच्या शेजारी उभे राहत ते मास्तर. ते पूर्वी शाळेत शिकवायचे, आणि ती सवय काही सुटली नव्हती. मास्तरांच्या कार्डावर ‘पक्व फळांची गहन छटा’ असलं काहीतरी भारदस्त असे. काकांच्या कार्डावर असे, ‘वरून रेशीम, आत जाड अस्तर. थंडीची सोय झाली.’ नाहीतर, ‘अगंबाई, ही तर पहिल्याच घोटाला उसवली! पण दुसऱ्या घोटाला अंगावर छान बसते.’ लोक वाचत, हसत आणि बाटली उचलत. बाईमाणसासारखं ‘अगंबाई’ काय लिहिता, म्हणून सगळे काकांना चिडवत, आणि काका नुसतेच हसत.

हसतील नाहीतर काय करतील? काकांना वाइन सोसतच नव्हती. लग्नानंतर एकदाच घोट घेतला होता, तर मानेवर लाल चट्टे उठले, ओठ सुजून पुरीएवढा झाला. हे दुकानात सांगायची सोय नव्हती. जो चव घेत नाही त्याने गोदामात खोकी उचलावीत, असा मालकीणबाईंचा दंडक होता, आणि काकांची कंबर खोक्यांमुळे कधीच कामातून गेली होती. म्हणून महिन्याच्या सुरुवातीला नव्या बाटल्या उघडल्या की बाकीचे तिथेच चव घेत, आणि काका म्हणत, “मी आपला घरी, निवांत.” मग खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत थोडी थोडी वाइन भरून ते घरी नेत.

घरी काकू शिलाई मशीनवर बसलेल्या असत. लोकांचे कोट, झगे, पडदे शिवून त्यांचे डोळे दुखत, पण काकांनी पेला पुढे केला की त्या पाय थांबवत, घोट घेत, डोळे मिटत आणि बोलू लागत. काका मन लावून ऐकत. दुसऱ्या दिवशी तेच कार्डावर उतरवत, आणि खाली स्वतःचं नाव घालत. काकूंना याचा पत्ता नव्हता. सुरुवातीला सांगायचं राहून गेलं, मग सांगायला फार उशीर झाला, आणि आता तर मालकीणबाईंपेक्षा काकूंना कळण्याचीच काकांना जास्त धास्ती होती. गोदाम परवडलं असतं. पण ती पुन्हा बोललीच नाही तर?

एकदा तर बिंग फुटायचंच बाकी होतं. काकांनी औषधाची बाटली नीट धुतली नाही. काकू म्हणाल्या, “खोकल्याच्या औषधाचा वास येतो, पण मागून मध आहे.” तसंच कार्ड लागलं. मास्तरांनी ती वाइन पुन्हा चाखली, मान डोलवली आणि म्हणाले, “आहे खरी औषधी झाक. मी बोलणारच होतो.” त्या आठवड्यात कितीतरी गिऱ्हाइकांना ती झाक सापडली.

पुढे दुकानाचा वाढदिवस आला. मालकीणबाईंनी ठरवलं, की संध्याकाळी जुन्या गिऱ्हाइकांना बोलवायचं, घरच्यांनाही आणायचं, आणि प्रत्येकाने सगळ्यांसमोर आपल्या आवडीच्या वाइनचा घोट घेऊन दोन शब्द बोलायचे. काकांनी दाढ दुखते म्हणून पाहिलं, तर मालकीणबाई म्हणाल्या, “वाइनने बरं वाटेल.” घरी काकूंना आणू नये म्हणून हजार सबबी सांगितल्या, पण काकूंनी तोवर नव्या झग्याला बटणंसुद्धा लावली होती.

संध्याकाळी दुकान गच्च भरलं. मास्तरांचं भाषण संपता संपेना, आणि काकांना प्रथमच ते संपू नये असं वाटलं. शेवटी त्यांच्या हातात पेला आला. काकांनी मनाशी म्हटलं, होऊन जाऊ दे काय व्हायचं ते, आणि पेला ओठाला लावला.

“अहो, वेड लागलंय का?” मागून काकूंचा आवाज आला. “ठेवा तो खाली! ओठ सुजेल, श्वास कोंडेल. घोटभर सोसत नाही तुम्हाला, माहीत नाही का?”

काकांनी पेला खाली ठेवला. मालकीणबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

“मग ही कार्डं?”

“तिची आहेत,” काका म्हणाले. “सगळी. एक शब्द माझा नाही.”

“आणि ते औषध?” मास्तरांनी विचारलं.

“बाटली धुवायची राहिली होती.”

दुकानभर हशा पिकला. मास्तर लाल झाले, मग तेही हसले. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या फळीपाशी गेल्या आणि एकेक कार्ड हातात धरून वाचू लागल्या. काका मागे जाऊन उभे राहिले. आपली नोकरी राहिली की गेली, हे मालकीणबाईंना विचारायचंही त्यांना भान नव्हतं.

“इतकी वर्षं मला वाटायचं,” काकू वळून न बघता म्हणाल्या, “तुम्हाला माझं बोलणं ऐकायला आवडतं. दिवसभर मशीनपुढे बसून मी तेवढ्याचीच वाट बघायचे. आणि तुम्ही ते इथे आणून विकत होतात.”

काका एक पाऊल पुढे आले. “चुकलंच माझं. नाव तुझं घालायला हवं होतं. पण आवडत नसतं तर ते ‘अगंबाई’ तरी मी गाळलं असतं. सगळं दुकान हसायचं मला. तू म्हणाली होतीस, म्हणून ठेवलं.”

काकूंनी ते कार्ड शोधलं. ‘अगंबाई’ होतं, पुढचं उद्गारचिन्हही होतं. त्यांनी डोळे पुसले, टेबलावरचा काकांचा पेला उचलला, घोट घेतला आणि डोळे मिटले. काका नेहमीसारखे मान पुढे करून उभे राहिले.

“जाडंभरडं कापड आहे,” काकू म्हणाल्या. “वापरून वापरून मऊ पडेल.”

मालकीणबाईंनी कोरं कार्ड आणि पेन काकांच्या पुढ्यात सरकवलं. “लिहा हो. आणि उद्या वेळेवर या, काउंटरवर. महिन्याच्या सुरुवातीला मात्र यांनाही घेऊन यायचं.”

काकांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि शब्द न् शब्द लिहून काढला. मग पेन काकूंच्या हातात दिलं. खालचं नाव काकूंनी स्वतः घातलं.