गुरवाच्या पोराचा पिक्चर

कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांना जोतीराम गुरव सापडला तो अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, बक्षीस मिळाल्यावर. 'धरणग्रस्त ते दिग्दर्शक' असे मथळे झळकले. त्याआधीची पंचवीस वर्षं तो याच शहरात वणवण करत होता, तेव्हा त्याला कुत्रं विचारत नव्हतं.

त्याचं गाव वरच्या खोऱ्यातलं. तो दहा वर्षांचा असताना ते धरणात गेलं आणि सरकारनं माणसं हातकणंगल्याकडच्या एका माळावर आणून टाकली. पत्र्याच्या शेड, मचूळ पाणी आणि आजूबाजूच्या गावांची बोलणी. शाळेतसुद्धा 'वसाहतीतली पोरं' वेगळ्या रांगेत बसायची. बारावीनंतर जोतीराम शिरोलीच्या एका फाउंड्रीत लागला. पाळी सुटली की सायकल हाणत कोल्हापुरात शूटिंग बघायला जायचा. एकदा लाइट उचलायला माणूस कमी पडला आणि हा घुसला तो घुसलाच. लाइट उचलले, नट्यांच्या डोक्यावर छत्र्या धरल्या, मग मालिकांचे संवाद लिहिले. संवाद याचे, नाव दुसऱ्याचं. सेटवर त्याला सगळे 'धरण' म्हणायचे. "ए धरण, सीन झाला का न्हाय?" हा हसायचा आणि कागद पुढं करायचा. न हसून सांगतो कुणाला?

पण एक गोष्ट त्याच्या आत सारखी खदखदत होती. त्याचे वडील आकाराम हे वाघजाईचे गुरव. गाव सोडायचं की नाही, यावर देवीला कौल लावला होता. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. सगळं गाव देवळात दाटलं होतं. जोतीराम गाभाऱ्यात बापाच्या पाठीशी उभा होता. त्यानं डावं फूल हललेलं पाहिलं. तेवढ्यात आकारामनं निरंजन सारखं करायच्या निमित्तानं हात पुढं केला आणि उजवं फूल बोटानं खाली पाडलं. "उजवा दिला!" म्हणून तो ओरडला. बाया धाय मोकलून रडल्या आणि पुढच्याच आठवड्यात गाड्या भरल्या गेल्या.

बापानं कुण्या साहेबाशी हातमिळवणी करून गाव बुडवलं, हे तेव्हापासून पोराच्या डोक्यात पक्कं बसलं. अडतीस वर्षं बापासमोर बसून जेवला, पण एकदाही 'आबा, असं का केलंत?' म्हणून विचारलं नाही. विचारलं नाही आणि पिक्चर मात्र काढला. याला काय म्हणावं?

पिक्चरचं नाव 'उजवा कौल'. त्यातला गुरव साहेबाच्या जीपमधून हिंडतो आणि देवीला खोटं पाडतो. पुण्याच्या महोत्सवात त्याला बक्षीस मिळालं तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. "एवढं जिवंत कसं लिहिलंत?" असं कुणी विचारलं की जोतीराम म्हणायचा, "डोळ्यांनी पाहिलंय." ती जीप मात्र त्यानं कधीच पाहिली नव्हती. ती त्यानं लिहिली होती.

मग वसाहतीनं आपल्या पोराचा सत्कार ठरवला. एका रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावला. एक्क्याऐंशी वर्षांचा आकाराम धुतलेली टोपी घालून पुढच्या रांगेत बसला. फुलाचा सीन आला तेव्हा सगळ्या माना पुढच्या रांगेकडं वळल्या. पिक्चर संपल्यावर सरपंच अमरसिंह उठला. त्यानं जोतीरामला ठरल्याप्रमाणे फेटा बांधला आणि मग सगळ्यांदेखत आकारामला विचारलं, "काका, खरं हाय काय ह्ये?"

"फूल मीच पाडलं," आकाराम म्हणाला आणि टोपी सारखी करून दाराकडं चालू लागला.

मंगळवारी अमरसिंहनं वसाहतीत नव्यानं बांधलेल्या वाघजाईच्या देवळाची किल्ली आकारामकडून काढून घेऊन त्याच्याच भाऊबंदांपैकी एकाला दिली. साठ वर्षं पहाटे उठून देवीला अंघोळ घालणारा माणूस अंगणात नुसता बसून राहिला. शेजारपाजारचे येता-जाता मान फिरवू लागले. जोतीराम भेटायला आला तो गाडीतून उतरतोय तोच चिमणाबाईनं, म्हणजे अमरसिंहच्या म्हाताऱ्या आईनं, त्याला कुंपणापाशी गाठलं.

"तुझ्या बाला आम्हीच सांगिटलंतं रं," ती म्हणाली. "कौलाच्या आदल्या दिशी दुपारी आमच्या सोप्यात पाच जण बसलंतं. पाणी तर चढणारच हुतं, पोलीस लाठ्या घिऊन येणारच हुतं. पर 'चला, गाव सोडू' म्हणून कोण बोलणार? जो बोलंल त्याला सात पिढ्या शिव्या. मग आमच्या मालकांनी आकारामाचं पाय धरलं. म्हटले, देवीच्या तोंडनं वदवून घे, न्हायतर माणसं मरत्यात. तीनदा न्हाय म्हटला त्यो."

जोतीराम म्हणाला, "काकू, मग त्या दिवशी हॉलमध्ये का बोलली नाहीस?"

"पाचातला एक बी आता जित्ता न्हाय. आन् किल्ली काढून घेणारा माझाच ल्योक. त्याच्या बाचं नाव चारचौघांत मी कसं घिऊ?" तिनं पदर सारखा केला. "पिक्चर तू काढलास, तूच निस्तर." आणि ती निघून गेली. खोटं बोलत नव्हती, पण खरं बोलायलाही तयार नव्हती.

जोतीराम अंगणात गेला आणि बापाच्या पायाशी बसला. त्याला रडू आवरेना. "आबा, मला सगळं कळलं. दुसरा पिक्चर काढतो. खरा काढतो. लोकांना सांगतो."

आकारामनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. रागाचा मागमूससुद्धा नव्हता, आणि जोतीरामला तेच सोसवेना.

"नगो," म्हातारा म्हणाला. "पिक्चर ब्येस झालाय लेका. हॉलात बघता बघता मलाच वाटाय लागलं, आसंल बाबा, मी जीपमधनं हिंडलो आसंन. फुलाला हात लावला येवढं याद हाय. कशापायी लावला, ते आता माझं मला बी छातीवर हात ठिवून सांगता यायचं न्हाय."